घडीच्या चाकूंच्या संग्रहात काय ठेवावे
संग्रहातील घडीचे चाकू कमी करायचे असतील, तर किमतीपासून सुरुवात न करता प्रत्येक चाकू उघडून पाहावा. पाते पूर्ण उघडल्यावर आजूबाजूला हलते का, स्प्रिंग त्याला घट्ट धरते का आणि मिटल्यावर त्याचे टोक मुठीत पूर्ण लपते का, हे तपासावे. वारंवार धार लावून झिजलेले पाते पूर्ववत होत नाही. म्हणून एकाच नमुन्याचे दोन चाकू असल्यास मूळ रुंदीचे पाते असलेला ठेवावा, मग त्याची मूठ थोडी कमी देखणी असली तरी चालेल. साध्या कार्बन पोलादावर कालांतराने येणारी करडी छटा हा दोष नव्हे आणि ती घासून काढल्यास जुन्या चाकूचे मोल उलट घटते. पात्यात खोल उतरलेला लाल गंज मात्र वेगळा. सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या, मुठींबाबत मी कठोर राहीन, कारण हे सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून निघणाऱ्या आम्लधर्मी वायूंमुळे शेजारच्या चाकूंनाही गंज चढतो. असा चाकू ठेवायचाच असेल, तर तो इतरांपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा. चामड्याच्या म्यानात तर कोणताही चाकू दीर्घकाळ ठेवू नये.