१०० जी लिंक लागत नव्हती: एमपीओ केबलच्या पोलॅरिटीचा माझा अनुभव

हिंजवडीतील आमच्या सर्व्हर कक्षात दोन स्विचना जोडणारी १०० जी एसआर-४ (सेकंदाला १०० गिगाबिट डेटा चार समांतर लेनमधून प्रकाशाने नेणारी) लिंक एमपीओ केबलवर, म्हणजे एकाच कनेक्टरमध्ये अनेक फायबर असलेल्या केबलवर, काही केल्या लागत नव्हती. दोन्हीकडच्या मॉड्यूलचे (स्विचमध्ये बसणाऱ्या, प्रकाश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या भागांचे) प्रक्षेपण व्यवस्थित दिसत होते, परंतु चारही लेनवर येणारा प्रकाश शून्य होता. मॉड्यूल बदलले, पोर्ट बदलले, आरएस-एफईसी (डेटातील चुका दुरुस्त करणारी सोय) दोन्हीकडे सुरू असल्याची खात्री केली. फरक पडला नाही. वैताग आला.

चारही लेन एकाच वेळी अंधारात असतील, तर धुळीपेक्षा पोलॅरिटीचा, म्हणजे कोणता फायबर समोर कोणत्या स्थानी पोहोचतो त्या क्रमाचा, संशय आधी घ्यावा. मॉड्यूलपासून पॅनेलपर्यंतच्या दोन्ही छोट्या केबल (पॅच कॉर्ड) काढून, मधल्या मुख्य केबलच्या (ट्रंकच्या) एका टोकाला एमपीओ-एलसी फॅनआउट (फायबर सुटे करणारी जोडणी) लावून मी पहिल्या फायबरमध्ये लाल प्रकाश सोडला. दुसऱ्या टोकाला तो पांढऱ्या ठिपक्याच्या बाजूला, म्हणजे पहिल्याच स्थानी दिसला. ट्रंक ‘ए’ प्रकारची, म्हणजे क्रम सरळ ठेवणारी होती. पॅच कॉर्ड मात्र दोन्हीकडे ‘बी’, म्हणजे क्रम उलटवणाऱ्या, आणि दोनदा उलटलेला क्रम पुन्हा सरळ होत असल्याने ट्रान्समीटर रिसीव्हरऐवजी ट्रान्समीटरसमोरच येत होता.

मग एका टोकाची कॉर्ड ‘ए’ प्रकारची घेतली, दोन्ही टोके एमपीओ क्लीनरने पुसली, सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि मगच जोडली. मॉड्यूलमध्ये पिना असतात, त्यामुळे कॉर्ड बिनपिनांची हवी. ट्रंकला पिना असाव्यात. लिंक लगेच लागली. तिसऱ्या लेनचा प्रकाश मात्र कमी होता. पॅनेलमधील टोक पुन्हा पुसल्यावर तोही इतर लेनइतका झाला.