घरातल्या मनोरुग्णाची काळजी: भार वाटून घ्यावा कसा
घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचा रुग्ण असला की कोकणात बहुधा सारा भार एकाच बाईवर पडतो, कारण बाकीची माणसे मुंबईला असतात. म्हणून गणपतीला सगळे घरी जमतील तेव्हाच औषधांचा खर्च कोण करणार, तपासणीला सोबत कोण जाणार आणि त्या बाईला विश्रांती कधी मिळणार, हे ठरवून लिहून ठेवावे. नुसती सहानुभूती पुरत नाही.

डॉक्टरांना विचारून पावसाळ्याआधी औषधे थोडी जास्त आणून ठेवावीत. बायपोलर आजारावर दिले जाणारे लिथियम हे औषध चालू असेल, तर विशेष जपावे: मे महिन्यातील घामाने किंवा जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले, किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी परस्पर घेतली, तर रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. हात जोराने थरथरणे, उलट्या, तोल जाणे दिसताच रुग्णालय गाठावे.

देवाला कौल लावून धीर येत असेल, तर अवश्य लावावा. मात्र त्यासाठी गोळी बंद करू नये.

रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते, आणि काळजी घेऊन थकलेल्या माणसानेही तेथे स्वतःसाठी संकोच न करता फोन करावा.

रुग्ण सावरलेला असताना, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आपल्या वतीने निर्णयात साहाय्य करणारा प्रतिनिधी त्याने स्वतः निवडून लेखी द्यावा.