१२,३४,५६,७८९ चे मूळ अवयव कागद-पेन्सिलीने कसे काढावेत

पाठ्यपुस्तकातल्या संख्यांना २, ३, ५ ने भाग दिला की काम भागतं. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद ही संख्या दिसायला साधी, पण अर्ध्या वाटेत अडवते.

आधी सोपं उरकून घ्या. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो. भागाकार १,३७,१७,४२१. याच्या अंकांची बेरीज २६, त्यामुळे ३ चा विषय संपला. एकक स्थानी १ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. ७ ने भागलं तर बाकी ४ उरते. ११ साठी एकाआड एक अंक मिळवा: १७ आणि ९. फरक ८, म्हणजे ११ सुद्धा बाद.

खरी अडचण इथून पुढे. या संख्येचं वर्गमूळ ३७०३ च्या जरा पुढे आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या पाचशेहून जास्त. एकेकीने भागत बसणं म्हणजे निव्वळ हमाली. त्याऐवजी सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याची रीत वापरा. तिचं मूळ आपल्या शाळेतल्याच सूत्रात आहे: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). म्हणून असा अ शोधायचा, की त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरेल.

वर्गमूळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या घ्या, ३७०४. तिचा वर्ग १,३७,१९,६१६; वजाबाकी २१९५. शेवटी ५ असलेला पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो, त्यामुळे वर्गमूळ न काढताच हा उमेदवार बाद करता येतो. पुढची ३७०५. वर्ग १,३७,२७,०२५, वजाबाकी ९६०४, म्हणजे बरोबर ९८ चा वर्ग! अवयव मिळाले: ३७०५ + ९८ = ३८०३ आणि ३७०५ − ९८ = ३६०७.

दोन्ही मूळ आहेत का, हे तपासायला ३६०७ ला ५९ पर्यंतच्या आणि ३८०३ ला ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा. एकही भाग जात नाही. तेव्हा १२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२. त्यांची बेरीज १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून मूळची संख्या वगळली की ५,४९,६६,०२७ उरतात. संख्येपेक्षा हे कमी, म्हणून ती न्यून संख्या.

दोन अवयव जवळजवळ होते म्हणून रीत इतक्या झटपट लागू पडली. उलट्या क्रमाची ९८,७६,५४,३२१ घेऊन पाहा. तिलाही ९ ने भाग जातो, मग १७ ने दोनदा, आणि ३,७९,७२१ ही मूळ संख्या उरते. इथे ९ ने भागल्यावर थेट फर्माची रीत धरली, तर अ १०,४७६ पासून १,९०,००५ पर्यंत न्यावा लागेल. त्यामुळे लहान मूळ संख्यांनी भागून झाल्याशिवाय या रीतीला हात घालू नका.