आई-वडिलांचा आरोग्य विमा एजंटकडून घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक फॉर्म भरताना होते. "काका, शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल, मेडिकल लागेल," असं म्हणत एजंट आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' करतो. आपण ओटीपी सांगून मोकळे होतो. दोन वर्षांनी वडिलांच्या छातीत दुखतं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो तेव्हा मुलगा खरं तेच सांगतो आणि केसपेपरवर नोंद होते : 'डायबेटिस, दहा वर्षं'. कॅशलेसच्या अर्जासोबत तोच कागद टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे, जातो. पॉलिसी दोन वर्षांची, आजार दहा वर्षांचा. क्लेम फेटाळला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. एजंट काय म्हणाला याची नोंद कुठेच नसते, फॉर्मवर संमती मात्र आपली असते.

आजार लपवायची गरजही नाही. आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्यांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पण तो संपल्याचा फायदा फॉर्मवर सांगितलेल्या आजारांनाच मिळतो. म्हणून प्रपोजल फॉर्म आई-वडिलांसमोर बसून, गोळ्यांची पाकिटं आणि जुन्या फाइली पुढ्यात ठेवून भरा. बीपी, थायरॉईड, वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, सगळं लिहा. पॉलिसी आल्यावर सोबतची फॉर्मची प्रत ओळीओळीने तपासा. चूक सापडली तर थेट कंपनीला ईमेल करा, एजंटला फोन करून भागवू नका. पॉलिसीच पटली नाही तर ३० दिवसांच्या फ्री लूकमध्ये परत करता येते.

दुसरी चूक, फक्त कव्हरचा आकडा बघणं. ५ लाखांच्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा कव्हरच्या १ टक्का असेल, तर रोजचे ५,००० मिळतात. तुम्ही १०,००० ची रूम घेतली आणि पाच दिवसांचं बिल ३ लाख झालं, असं धरू : रूमचे ५० हजार, सर्जन आणि ओटीचे १ लाख ६० हजार, औषधं, इम्प्लांट, तपासण्यांचे ९० हजार. रूमचे २५ हजारच मंजूर होतात. त्याच प्रमाणात सर्जन-ओटीचेही निम्मे कापले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. उरले १ लाख ९५ हजार. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे आपण स्वतः भरायचा वाटा, असेल तर हातात १ लाख ५६ हजार. एजंटला हाच हिशेब कागदावर मांडायला सांगा. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एजंटची नोंदणी विमा नियामक आयआरडीएआयच्या एजन्सी पोर्टलवर तपासा. साधा एजंट मोजक्याच कंपन्यांचं विकतो, बऱ्याच कंपन्यांची तुलना हवी असेल तर ब्रोकर गाठा. हप्ता कंपनीच्या नावेच भरा. कमिशनमधून सूट देणं कायद्याने मना आहे, मागूही नका.

'८०डी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयकर वजावटीसाठी मार्चअखेरीस घाईने पॉलिसी घेणारे दरवर्षी दिसतात. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांचा, बहुधा दोन वर्षांचा, वेगळा वेटिंग पीरियड त्या गडबडीत कुणी वाचत नाही.

कंपनी बदलायची असेल तर नवी पॉलिसी घेऊ नका, आहे तीच नव्या कंपनीकडे पोर्ट (हस्तांतरित) करा, म्हणजे भरलेली वेटिंगची वर्षं वाया जात नाहीत. अर्ज नूतनीकरणाच्या दोन महिने आधी तयार ठेवा. नव्या कंपनीचा होकार लेखी येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.