ठेव कुठल्या रकान्यात बसलीय, ते आधी बघा

सांगलीकडच्या पतसंस्थांची ऑडिटं करून मी बहारीनला आलो. बँक म्हटली की ठेवी, थकबाकी आणि नफा बघायचा, झालं, अशी माझी समजूत. बहारीनची राजधानी मनामा, तिथल्या पहिल्याच कामात ती उतरली. दोन इस्लामी बँकांची तुलना करायची होती. मी उत्पन्नाच्या मानाने खर्च किती ते काढलं आणि ज्या बँकेचा आकडा निम्म्याहून कमी आला तिचं कौतुक करणारा परिच्छेदही लिहून टाकला. साहेबांनी वाचला आणि एवढंच विचारलं, "खातेदारांचा वाटा दोन्हीकडे वजा केलास का?"

केला नव्हता. एकीकडे केला होता, दुसरीकडे नाही.

इथे ठेवीवर व्याज नसतं. मुदारबा खात्यात पैसे खातेदाराचे, मेहनत बँकेची, आणि नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा. बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तोटा मात्र खातेदाराचा. समजा, या पैशांतून 100 मिळाले, 60 खातेदारांना गेले, 40 बँकेला राहिले आणि कारभाराचा खर्च 20 आहे. शंभरावर मोजलं तर खर्च 20 टक्के, चाळिसावर मोजलं तर 50 टक्के. बँक तीच, वर्षही तेच.

ताळेबंदातही हाच घोळ. आयोफी ही इस्लामी वित्तसंस्थांसाठी लेखामानकं ठरवणारी संस्था 1991 पासून बहारीनमध्येच आहे. तिच्या पद्धतीत ही खाती ना देण्यांत धरतात ना भागधारकांच्या भांडवलात, दोन्हींच्या मधे त्यांचा वेगळा गट असतो. आयएफआरएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लेखामानकं, पाळणाऱ्या देशांत ती बहुतेक वेळा देण्यांत जातात. आता नफा 20, भागधारकांचं भांडवल 200 आणि खाती 1000 असतील, आणि कुणी ती खाती भांडवलात मिसळली, तर 10 टक्क्यांचा परतावा पावणेदोनच्याही खाली जातो. म्हणून तयार डेटाबेसमधून आकडे उचलू नका. वार्षिक अहवाल उघडा आणि तळटिपांपासून वाचायला घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण खरा माल तिथेच असतो.

तळटिपांत राखीव निधी दोन दिसतील. एक नफा समतोल राखणारा, बँकेचा वाटा काढण्याआधी बाजूला टाकलेला. दुसरा गुंतवणुकीच्या जोखमीचा, खातेदारांच्या वाट्यातून कापलेला. चांगल्या वर्षी थोडं झाकून ठेवायचं आणि वाईट वर्षी बाहेर काढायचं, म्हणजे खातेदार शेजारच्या व्याजवाल्या बँकेकडे पळत नाही. त्यामुळे सलग पाच वर्षं परतावा सपाट दिसला तर खूश होऊ नका, आधी हे निधी कसे हलले ते पाहा.

थकबाकीचं गणितही आपल्यापेक्षा वेगळं. पतसंस्थेत दंडव्याज उत्पन्नात धरलं जातं. इथे उशिराचा दंड घेतलाच तर तो धर्मादाय खात्यात जातो. मुराबहात बँक वस्तू विकत घेऊन नफा चढवून हप्त्यांनी विकते. किंमत एकदा ठरली की गिऱ्हाइकाने हप्ते थकवले म्हणून ती वाढवता येत नाही. हप्ता जितका लांबेल तितकी बँक नुसती बसून राहते.

नफ्याबरोबर शरियतच्या उद्देशांचाही निर्देशांक काढायची संशोधकांत फॅशन आहे. कल्पना चांगली, पण त्यातले बरेच गुण अहवालात काय लिहिलंय यावरून दिले जातात, आणि छान लिहिणं सोपं असतं. मला विचाराल तर संघटित तवर्रुकवर, म्हणजे रोकड उभी करण्यापुरत्या केलेल्या खरेदी-विक्रीवर, बँकेचा किती धंदा उभा आहे ते पाहा. ओआयसी या इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने, म्हणजे धर्मशास्त्रावर मत देणाऱ्या मंडळाने, 2009 मध्ये ते अमान्य ठरवलं, तरी ते चालूच आहे.

सुरुवातीला एकाच देशातल्या बँका घ्या. मलेशिया घेणार असाल तर 2013 चा कायदा आधी वाचा. त्याने ठेवी आणि गुंतवणूक खाती वेगळी केली, आणि पुढच्या दोनेक वर्षांत खात्यांची फेरमांडणी झाली. माझ्या एका सहकाऱ्याने तिथल्या एका बँकेच्या मुदारबा ठेवी एकदम घटलेल्या पाहून "खातेदारांचा विश्वास उडाला" असं लिहिलं होतं. खातेदार जागेवरच होते, रकाना बदलला होता.