कॅनव्हासचा तंबू घेताय? या चुका टाळा

"नवाकोरा तंबू पहिल्याच पावसात गळला, फसवलं दुकानदाराने!" ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की आता मी एकच विचारतो: घरी एकदा भिजवला होता का? उत्तर ठरलेलं. "भिजवायचा कशाला? वॉटरप्रूफ आहे ना!"

अहो, सुती कापड आहे ते. शिवताना सुईने पडलेली भोकं सुरुवातीला उघडीच असतात. पाणी लागलं की सूत फुगतं आणि ती बुजतात. म्हणून नवा तंबू आधी अंगणात उभा करायचा, पाइपने ओलाचिंब करायचा, खडखडीत वाळू द्यायचा. शिवणींतून ठिबकणं थांबेपर्यंत, दोन-तीनदा. जातो एखादा सुट्टीचा दिवस. त्याऐवजी पाणी अडवणारा स्प्रे मारून मोकळे होणारे भेटतात. रात्री दोन वाजता उशाशी टपटप सुरू झाली की त्यांनी मला फोन करू नये. (निव्वळ पॉलिएस्टरच्या तंबूला हे लागू नाही, त्याचं सूत फुगत नाही.)

"सहा माणसांचा" याचा अर्थ सहा चटया कडेला कड लावून. बॅगा, बूट, कुशीवर वळणं यात धरलेलं नाही. मी आकड्यातून सरळ दोन वजा करतो.

कापडाची जाडी जीएसएममध्ये (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) विचारा. 280 ते 360च्या दरम्यान असेल तर बहुतेकांचं भागतं. त्याहून जाड म्हणजे त्याहून चांगलं असं काही नाही, फक्त पाठ जास्त दुखते. पाच मीटर व्यासाचा गोल तंबू खांब-मेखांसकट 30 किलोच्या वर सहज जातो, भिजला की आणखी. गाडी जिथवर पोचत नाही तिथे तो न्यायचाच नाही.

आता माझ्या लाडक्या चुकीकडे येतो, कारण ती मी स्वतः केलीय. रात्रभर पाऊस, सकाळी लख्ख ऊन. दहा वाजता कापडाला हात लावला, कोरडं वाटलं, गुंडाळून टाकलं. दाराची दुमड आणि चिखलात टेकलेली खालची कड कोण बघतो? घरी येऊन पिशवी माळ्यावर. पंधरा दिवसांनी कुबट वास यायला लागला. आम्ही उंदीर मेला असेल म्हणून शोधत होतो. पिशवी उघडली तर कडेला वीतभर रुंदीचा काळ्या ठिपक्यांचा पट्टा. मग दुसरा शहाणपणा केला, ब्लीच चोळलं. ठिपके जरा फिकटले, पण कापड असं विरलं की पुढच्या खेपेला मेखेचा दोर ताणताच कड टर्रकन फाटली.

तेव्हापासून घरी आलो की चहाच्या आधी तंबू दोरीवर. ऊन नसेल तर पंख्याखाली, दोन दिवस लागले तरी चालेल. आणि शिवण हाताने नाही, गालाला लावून बघतो. हाताला न कळणारी ओल गालाला बरोबर गार लागते. म्हणूनच घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी रंग आणि खिडक्यांच्या आधी विचारतो, एवढं धूड वाळत घालायला तुमच्याकडे जागा आहे का? नसेल तर सरळ नायलॉनचा घ्या. यात कमीपणा काही नाही.

बाकीचं थोडक्यात. साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको, कापडावरचा पाणी अडवणारा थर निघून जातो. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. सोबत आलेल्या बारीक मेखा कडक जमिनीत वाकतात, फूटभर लांबीच्या पोलादी वेगळ्या घ्या. आत शेगडी पेटवून झोपायचं नाही, "कॅनव्हास श्वास घेतो" म्हणणाऱ्यांचं ऐकून तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि दोर सुती असतील तर पाऊस येताच जरा सैल करा. भिजले की आखडतात, आणि पहाटे बघावं तर मेखा उपटून बाहेर.