पायथनमध्ये पहिला क्लास कसा लिहावा

पायथनमध्ये लिस्टला अपेंड लावले असेल, तर ऑब्जेक्ट, म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र असलेली वस्तू, तुम्ही आधीच वापरला आहे. लिस्ट, मजकूर, अगदी साधा ५ हा आकडासुद्धा पायथनमध्ये ऑब्जेक्टच आहे. आता स्वतःचा प्रकार तयार करायचा, म्हणजे क्लास लिहायचा.

समजा, वाचत असलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची आहे. प्रत्येकाचे नाव, एकूण पाने आणि वाचून झालेली पाने. यासाठी वेगवेगळे व्हेरिएबल ठेवले तर तिसऱ्या-चौथ्या पुस्तकालाच गोंधळ उडतो. क्लासमध्ये ही माहिती आणि तिचे नियम एकाच जागी राहतात. पुढचा कोड नवीन फाइलमध्ये लिहा:

    क्लास पुस्तक:
        डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, पाने):
            सेल्फ.नाव = नाव
            सेल्फ.पाने = पाने
            सेल्फ.वाचलेली = ०

        डेफ वाच(सेल्फ, किती):
            सेल्फ.वाचलेली = मिन(सेल्फ.वाचलेली + किती, सेल्फ.पाने)

क्लास (class), डेफ (def), इनिट (init), मिन (min) आणि पुढे येणारे प्रिंट (print), अपेंड (append), स्ट्र (str), रिटर्न (return) हे पायथनचे शब्द आणि सगळे अंक टाइप करताना इंग्रजीतच हवेत. पुस्तक, पाने, वाच ही आपण ठेवलेली नावे मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात. इनिट नवा ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालते, आणि मिन दोन आकड्यांतला लहान आकडा देते. इनिटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात, तिकडे लक्ष द्या.

आता ऑब्जेक्ट बनवा:

    कादंबरी = पुस्तक("नवी कादंबरी", ३२०)
    कोश = पुस्तक("शब्दकोश", ९००)
    कादंबरी.वाच(४०)

कादंबरी.वाचलेली प्रिंट करा, ४० येईल, कोश.वाचलेली अजून ०च. क्लास एक, पण प्रत्येक ऑब्जेक्टची माहिती स्वतंत्र. वाच(५००) दिले तरी आकडा ३२०च्या पुढे जाणार नाही, कारण तो नियम मेथडमध्येच, म्हणजे क्लासच्या आत डेफने लिहिलेल्या फंक्शनमध्येच, आहे. क्लासचा खरा फायदा मला इथेच दिसतो.

नवशिके सर्वात जास्त अडखळतात ते सेल्फपाशी, म्हणून इथे घाई करू नका. कादंबरी.वाच(४०) ही ओळ पायथन पुस्तक.वाच(कादंबरी, ४०) अशी चालवतो. डॉटच्या आधीचा ऑब्जेक्ट आपोआप पहिल्या जागी जातो आणि मेथडच्या आत त्यालाच सेल्फ म्हणतात. पहिल्या ओळीच्या जागी दुसरी ओळ स्वतः चालवून बघा, उत्तर तेच येते. मेथड लिहिताना सेल्फ विसरलात, तर तुम्ही दिली त्यापेक्षा एक आर्ग्युमेंट (कंसात दिलेली किंमत) जास्त आल्याची तक्रार एररमध्ये दिसते. ते जास्तीचे आर्ग्युमेंट म्हणजे हाच ऑब्जेक्ट.

एक चूक मात्र एरर न देता फसवते. पुस्तकावरच्या टिपणांसाठी टिपणे = [] ही ओळ थेट क्लासच्या खाली, इनिटच्या बाहेर लिहिली, तर ती एकच लिस्ट सगळ्या पुस्तकांची होते. कादंबरी.टिपणे.अपेंड("छान सुरुवात") केले की शब्दकोशाच्या टिपणांतही तेच दिसते. लिस्ट प्रत्येकाची वेगळी हवी असेल, तर इनिटच्या आत सेल्फ.टिपणे = [] लिहा.

नुसते कादंबरी प्रिंट केले, तर क्लासचे नाव आणि मेमरीतला पत्ता येतो, त्यातून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. क्लासमध्ये __स्ट्र__ नावाची मेथड वाढवा आणि तिच्यातून सेल्फ.नाव रिटर्न करा. पुन्हा प्रिंट केल्यावर "नवी कादंबरी" दिसेल.